चौकशीच्या कागदांत आलेली नावे

सरकारी चौकशीचे कागद माहिती अधिकारात मागितले गेले, की त्यांत ज्यांची नावे आलेली असतात त्यांच्या अब्रूचे काय, या एकाच विषयाभोवती फिरणारी बरीच पत्रे या वेळी सदराकडे आली आहेत. कोणी साक्षीदार आहे, कोणी अर्जदार आहे, तर कोणी हे कागद देण्या-न देण्याचा निर्णय ज्याच्या टेबलावर येतो तो अधिकारी आहे. एकाला दिलेले उत्तर दुसऱ्यालाही लागू पडते, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे, गावे व कार्यालये त्यांच्या विनंतीवरून वगळली असून मजकूर आवश्यक तेवढा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी एका जिल्हा परिषदेत भांडारपाल होतो, आता निवृत्त आहे. माझ्या नोकरीच्या काळात साहित्य खरेदीबाबत चौकशी झाली होती. माझ्यावर आरोप नव्हता, मी फक्त जबाब दिला होता. आता कोणीतरी त्या चौकशीचा अहवाल आणि सगळे जबाब माहिती अधिकारात मागितले आहेत आणि ‘माहिती देण्यास आपली हरकत आहे काय’ असे पत्र कार्यालयाकडून मला आले आहे. अहवालात एके ठिकाणी ‘भांडारपाल यांची भूमिका संशयास्पद वाटते’ असे वाक्य असल्याचे ऐकतो. मी नकार कळवला तर अहवाल थांबेल काय?

उत्तर : केवळ आपल्या नकाराने अहवाल थांबणार नाही. परंतु म्हणून आपले उत्तर निरुपयोगी ठरते असेही नाही, आणि ते न पाठवणे ही तर मोठी चूक ठरेल.

आपल्याला आलेले पत्र माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ११ खालचे आहे. एखादी माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असेल किंवा त्याने पुरवलेली असेल, त्याने ती गोपनीय मानलेली असेल आणि जन माहिती अधिकाऱ्याचा ती देण्याचा विचार असेल, तर अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांच्या आत त्या व्यक्तीला लेखी सूचना द्यावी लागते. सूचना मिळाल्यापासून १० दिवसांत त्या व्यक्तीने आपले म्हणणे लेखी किंवा तोंडी मांडायचे असते, आणि मूळ अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांच्या आत अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा असतो. आपले १० दिवस पत्र हातात पडल्यापासून मोजले जातात, तेव्हा टपालाचा लिफाफा जपून ठेवा आणि उत्तर समक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. या कलमात आपली संमती मिळालीच पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही. आपले म्हणणे निर्णय घेताना विचारात घेतले पाहिजे, एवढेच म्हटले आहे. कायद्याने संरक्षित केलेली व्यापारी गुपिते सोडली, तर माहिती उघड करण्यातील लोकहित हे त्रयस्थ पक्षाला होऊ शकणाऱ्या हानीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरत असल्यास माहिती देता येते.

यामुळेच ‘माझी संमती नाही’ एवढे एक वाक्य लिहून पाठवण्यात अर्थ नाही. त्यात अधिकाऱ्याला तोलून पाहण्यासारखे काहीच नसते. आपण काय लिहावे, हे आपल्याच अहवालातील त्या वाक्यावरून पाहू.

‘भूमिका संशयास्पद वाटते’ हे चौकशी अधिकाऱ्याचे मत आहे. ते लिहिण्यापूर्वी आपल्याला कारणे दाखवा नोटीस दिली होती काय, आपला खुलासा घेतला होता काय, त्या मतावर पुढे दोषारोपपत्र निघाले काय, आणि शेवटच्या आदेशात आपल्याविषयी काही आले काय, या चार गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत आणि त्या आपण तारखांसह लिहिल्या पाहिजेत. पहिल्या तीनही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपले म्हणणे असे असावे : या वाक्यात ज्या व्यक्तीवर संशय व्यक्त झाला आहे तिला ऐकून घेतले गेलेले नाही, त्या संशयावर कोणतीही कार्यवाही झालेली नाही, म्हणून तेवढे वाक्य कलम १० नुसार वगळून उर्वरित अहवाल द्यावा, आणि ते वगळणे योग्य वाटत नसेल, तर त्यासोबत अंतिम आदेशाची प्रत अर्जदाराला द्यावी, म्हणजे ज्याच्या हाती संशयाचे पान जाईल त्याच्याच हाती त्या संशयाचे पुढे काय झाले हेही जाईल. ही दुसरी मागणी मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. चौकशीच्या कागदांमुळे माणसाची बदनामी होते ती बहुतेक वेळा कागद अर्धवट बाहेर गेल्यामुळे होते; आरोपाचे पान गावभर फिरते आणि तो निराधार ठरवणारा आदेश नस्तीतच राहतो.

जबाबाच्या बाबतीत आपली स्थिती अधिक भक्कम आहे. जबाबात आपण घरचा पत्ता, आजारपण, कोणा सहकाऱ्याविषयी विश्वासाने सांगितलेली गोष्ट असे काही नोंदवले असेल, तर त्या ओळी नेमक्या दाखवून द्या. एखाद्याच्या जीविताला किंवा शारीरिक सुरक्षिततेला धोका निर्माण होईल अशी माहिती कलम ८(१)(छ) खाली रोखता येते, परंतु असा धोका खरोखर असेल तरच तसे लिहावे. प्रत्येक हरकतीत तो घातला जाऊ लागला, तर ज्याला खरोखर भीती आहे त्याचेही म्हणणे कोणी गांभीर्याने घेत नाही.

आपली हरकत फेटाळून माहिती देण्याचा निर्णय झाला, तर तो आपल्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यात अपिलाचा हक्क नमूद करावा लागतो. त्या आदेशाच्या दिनांकापासून ३० दिवसांत आपण प्रथम अपील करू शकता. प्रकरण पुढे राज्य माहिती आयोगाकडे गेले, तर तेथेही आपल्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. खरेदीच्या पावत्या, दर, साठा नोंदवहीतील आकडे आणि त्यांवरील आपल्या सह्या या आपल्या पदाच्या कामाच्या नोंदी आहेत. त्यांवर हरकत घेऊ नका. त्या रोखण्याचा प्रयत्न केल्यास आपल्या रास्त हरकतीवरही संशय येईल.

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत जन माहिती अधिकारी आहे. एका चौकशी अहवालाची प्रत देण्याचा आदेश प्रथम अपिलात झाला असून ‘त्रयस्थ व्यक्तींची ओळख उघड होणार नाही याची दक्षता घ्यावी’ असे त्यात म्हटले आहे. अहवालात तक्रारदार, साक्षीदार, ठेकेदार, लिपिक, मुख्याधिकारी अशी तीसेक नावे आहेत. सगळी नावे खोडावीत काय? आणि ती कशी खोडावीत?

उत्तर : सगळी नावे खोडू नयेत. आपला प्रश्न लहान दिसत असला, तरी या संपूर्ण विषयाचे मर्म त्यातच आहे, त्यामुळे त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

त्या तीसेक नावांची प्रथम विभागणी करा. ज्यांनी निर्णय घेतले, मंजुरी दिली, देयके काढली, त्यांची नावे आणि पदे ही सार्वजनिक कामाची माहिती आहे. ती खोडली तर अहवाल वाचणाऱ्याला चौकशी कशाची झाली हेच कळणार नाही. ज्या ठेकेदाराने जनतेच्या पैशातून काम केले आणि देयक घेतले, त्याचे नाव, कामाची रक्कम आणि कामाची मोजमापे लपवण्याजोगी नाहीत. याउलट ज्याने केवळ पाहिलेले सांगितले तो साक्षीदार, ज्याने सूड उगवला जाईल या भीतीने नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर माहिती दिली तो तक्रारदार, आणि ओघात उल्लेख आलेली एखाद्याची पत्नी, मुलगा, शेजारी यांची नावे अहवालाच्या निष्कर्षाला काहीही जोडत नाहीत. संरक्षण द्यायचे ते या लोकांना. प्रत्यक्षात मात्र उलटे घडताना दिसते : वरिष्ठाचे नाव ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून झाकले जाते आणि जबाब देणाऱ्या शिपायाचे नाव, वय, राहणार अमुक गल्ली, हे सगळे जबाबाच्या पहिल्याच ओळीत तसेच राहते.

यानंतर नाव झाकले म्हणजे ओळख झाकली गेली काय, हे तपासावे लागते. ‘पाणीपुरवठा विभागातील एकमेव महिला लिपिक’ असे वाक्य राहिले, तर नाव काढून उपयोग काय? हजेरीपटाची तारीख, बदलीचा आदेश क्रमांक, एखाद्याची बोलण्याची लकब जशीच्या तशी उतरवलेला जबाब, हस्ताक्षर, अंगठ्याचा ठसा, सही, मोबाईल क्रमांक, यांपैकी कोणत्याही एका गोष्टीवरून त्या कार्यालयातील माणूस दुसऱ्याला ओळखतो. म्हणून मसुदा तयार झाल्यावर तो वाचणारा माणूस गावातलाच आहे असे धरून पुन्हा वाचा. नाव नुसते काळे करण्याऐवजी ‘साक्षीदार क्र. ३’ असा उल्लेख संपूर्ण अहवालभर एकसारखा ठेवला, तर वाचणाऱ्याला कोणते विधान कोणाचे हा धागाही सुटत नाही.

प्रत्यक्ष कृतीबाबत दोन गोष्टी सांगतो, कारण सगळी काळजी घेऊनही घोटाळा येथे होतो. मूळ नस्तीवर कधीही पेन चालवू नका. तिची छायाप्रत काढा, छायाप्रतीवर झाका, आणि त्या झाकलेल्या प्रतीची पुन्हा छायाप्रत काढून ती द्या. जाड काळ्या मार्करखालचे अक्षर कागद उजेडासमोर धरला की वाचता येते, दुसऱ्या प्रतीत ते राहत नाही. संगणकावरील पीडीएफ द्यायची असेल, तर मजकुरावर काळी चौकट ओढू नका, कारण त्याखालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की तो जसाच्या तसा उमटतो. झाकलेली प्रत छापा, ती स्कॅन करा आणि ते चित्र द्या.

त्याचबरोबर कलम १०(२) विसरू नका. काही भाग वगळून माहिती देताना, भाग वगळला आहे ही बाब, त्याची कारणे, निर्णय घेणाऱ्याचे नाव व पदनाम आणि अपिलाचा हक्क अर्जदाराला लेखी कळवावा लागतो. कोणत्या पानावरील कोणता परिच्छेद कोणत्या खंडाखाली वगळला याचा तक्ता सोबत जोडला, तर अर्ध्याअधिक तक्रारी मिटतील. केरळमध्ये मल्याळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीबाबत २०१७ साली नेमलेल्या न्यायमूर्ती हेमा समितीच्या अहवालाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ३१ डिसेंबर २०१९ रोजी सादर झालेला हा अहवाल, विश्वासाने बोललेल्या स्त्रियांची गोपनीयता हे कारण देऊन, साडेचार वर्षांहून अधिक काळ कोणालाही दिला गेला नाही. जुलै २०२४ मध्ये तेथील राज्य माहिती आयोगाने, व्यक्तींची ओळख पटेल असा मजकूर वगळून उरलेला अहवाल द्यावा, असा आदेश दिला; त्याला आव्हान देणारी याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली आणि १९ ऑगस्ट २०२४ रोजी अहवाल बाहेर आला. बोलणाऱ्या स्त्रियांची नावे झाकलेली राहिली, आणि तरीही त्या क्षेत्रात काय चालते हे लोकांना कळले. जे जुलै २०२४ मध्ये करता आले, ते २०२० मध्येही करता आले असते. पुढे आयोगाने सांगितले त्याहून अधिक परिच्छेद वगळल्याची तक्रार अर्जदारांनी केली. काय वगळले याचा तपशील आधीच दिला नाही की असा वाद उभा राहतोच.

आणखी एक दक्षता. आपल्या अहवालाचा कोणताही भाग कामाच्या ठिकाणी स्त्रीच्या लैंगिक छळाच्या तक्रारीशी संबंधित असेल, तर तेथे वेगळा कायदा लागू होतो. २०१३ च्या त्या अधिनियमाचे कलम १६ हे माहिती अधिकार कायद्यावर मात करणारे आहे. तक्रारीचा मजकूर, पीडित स्त्री, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती व साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीची कार्यवाही लोकांपर्यंत किंवा माध्यमांपर्यंत पोहोचवता येत नाही. पीडितेला न्याय मिळाला एवढी माहिती तिची व साक्षीदारांची ओळख न देता सांगता येते. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. या ठिकाणी आपल्याला लोकहित तोलत बसण्याची मुभा नाही.

प्रश्न : आमच्या गावातील रस्त्याच्या कामात एका अभियंत्याविरुद्ध चौकशी झाली. मी अहवाल मागितला. ‘सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित व वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. कायदा बदलल्यामुळे आता काही मिळणार नाही, असे कार्यालयात तोंडी सांगण्यात आले. हे खरे आहे काय?

उत्तर : कायदा बदलला हे खरे आहे, काही मिळणार नाही हे खरे नाही.

पूर्वी खंड (ञ) मध्येच दोन कसोट्या होत्या. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी काही संबंध नसेल, अथवा ती उघड केल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होत असेल, तरच ती नाकारता येत असे, आणि व्यापक लोकहित दिसल्यास तीही देता येत असे. जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही, असे परंतुकही तेथे होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सगळे काढून टाकले आणि ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मला ती चुकीची वाटते. साक्षीदाराच्या आणि सामान्य कर्मचाऱ्याच्या अब्रूचे रक्षण जुन्या शब्दांतही पुरेसे होत होते; नव्या शब्दांनी अधिक आडोसा मिळाला तो ज्यांच्या कामाचा हिशेब मागितला जातो त्यांना.

वाट मात्र बंद झालेली नाही. कलम ८(२) कायम आहे, आणि त्यानुसार संरक्षित हिताला होणाऱ्या हानीपेक्षा उघड करण्यातील लोकहित मोठे असेल तर कलम ८(१) मध्ये अपवाद असूनही सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकते. फरक असा, की पूर्वी ही कसोटी अधिकाऱ्याने स्वतःहून लावायची होती, आता लोकहित काय आहे हे आपल्यालाच पुढे होऊन दाखवावे लागेल. ‘जनहितार्थ’ हा एक शब्द लिहून भागणार नाही. रस्ता कोणत्या निधीतून झाला, तो किती महिन्यांत उखडला, त्यावरून कोणत्या शाळेची वा दवाखान्याची वाहतूक आहे, दुरुस्तीवर पुन्हा किती खर्च झाला, हे अपिलात मांडा.

देता न येणारा भाग वगळून उरलेली माहिती देण्याची कलम १० ची तरतूदही कायम आहे. आपण ‘अभियंत्याविरुद्धच्या चौकशीचा अहवाल’ मागितला, आणि तेथेच नकाराला जागा मिळाली. रस्त्याच्या गाभ्याचे नमुने, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, काम पूर्णत्वाचा दाखला, ठेकेदाराची देयके, यांत कोणाचेही वैयक्तिक असे काही नाही. नव्या अर्जात हे कागद प्रथम मागा, नंतर चौकशी नेमण्याचा आदेश व तिची कार्यकक्षा, मग निष्कर्षाची पाने, आणि शेवटी निष्कर्षावर झालेल्या कार्यवाहीचा आदेश. अभियंत्याचे सेवापुस्तक, मालमत्ता विवरण, मागील शिक्षा हे मागू नका. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश आणि आयकर विवरणे ही, व्यापक लोकहित दाखवले जाईपर्यंत, कर्मचारी व मालक यांच्यातील वैयक्तिक बाब मानली आहेत, आणि नकाराच्या बहुतेक उत्तरांत याच निर्णयाचा आधार घेतलेला आढळतो. त्या निर्णयावर बरीच टीका झाली आहे आणि ती मला रास्त वाटते, तरी अपिलात उभे राहताना तो समोर येणार हे गृहीत धरूनच तयारी केली पाहिजे.

एका ओळीच्या उत्तराबाबत हे सांगतो, की ‘त्रयस्थ पक्षाशी संबंधित’ हे कलम ८ मधील नकाराचे कारणच नाही. कलम ११ ही ऐकून घेण्याची पद्धत आहे. त्या अभियंत्याला सूचना पाठवली होती काय, त्याने काय म्हटले, हे अपिलात विचारा. नकाराचे समर्थन करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर आहे. चौकशी अजून चालू आहे असे उत्तर आल्यास, माहिती दिल्याने तपासाला नेमका कसा अडथळा येईल हे दाखवावे लागते. चौकशी चालू असणे एवढेच कारण पुरेसे नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ च्या भगतसिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील दाखल करा.

प्रश्न : १९८० च्या दशकात आमच्या शहरात झालेल्या दंगलीची चौकशी आयोगामार्फत झाली. अहवालात माझ्या दिवंगत वडिलांवर, ते त्या वेळी नगरसेवक होते, ताशेरे ओढलेले आहेत. त्यांना आयोगाने कधीही बोलावले नव्हते, हे ते शेवटपर्यंत सांगत. आता एक स्थानिक अभ्यासगट अहवालातील उतारे छापणार आहे. आम्हा मुलांना काही करता येईल काय?

उत्तर : आपल्या पत्रातील दुःख समजू शकते, आणि आपली तक्रार कायद्याच्या दृष्टीनेही पोकळ नाही.

चौकशी आयोग अधिनियम, १९५२ मध्ये १९७१ च्या दुरुस्तीने कलम ८ब आणि ८क आले. कोणाच्या वर्तणुकीची चौकशी करणे आवश्यक आहे किंवा चौकशीमुळे कोणाच्या नावलौकिकाला बाधा येण्याचा संभव आहे असे आयोगाला वाटल्यास, त्या व्यक्तीला ऐकून घेण्याची व बचावाचा पुरावा देण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे, असे ८ब सांगते. उलटतपासणीचा व वकिलाचा हक्क ८क मध्ये आहे. किरण बेदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदींमागे नावलौकिक जपण्याचा हक्क आहे हे सांगितले. भागलपूरच्या दंगलीविषयीच्या आयोगाने लालकृष्ण अडवाणी यांच्याविषयी केलेली शेरेबाजी, त्यांना ८ब ची नोटीस दिलेली नसल्याच्या कारणावरून पाटणा उच्च न्यायालयाने रद्द केली आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे न ऐकता ओढलेले ताशेरे काढून टाकण्याचा मार्ग उच्च न्यायालयातील याचिकेचा आहे. आपल्या बाबतीत मधे गेलेली वर्षे आणि वडिलांचे निधन या दोन अडचणी आहेत, त्यामुळे अशी याचिका टिकेल काय हे सर्व कागद पाहूनच वकील सांगू शकतील.

त्याआधी एक काम करा. आयोगाच्या कामकाजाच्या नोंदी, म्हणजे कोणाकोणाला ८ब च्या नोटिसा निघाल्या त्याची यादी, त्यांची पोच आणि साक्षीदारांची यादी, गृह विभागाकडे माहिती अधिकारात मागा. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेविषयीची माहिती माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार, खंड (क), (ग) आणि (झ) वगळता इतर अपवादांखाली नाकारता येत नाही. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या : वीस वर्षांनंतर वैयक्तिक माहितीचा खंड (ञ) आडवा येत नाही, म्हणजे अभ्यासगटालाही मूळ कागद मिळू शकतात.

उतारे छापण्यास मनाई मागू नका, असे मी सुचवेन. आयोगाचा अहवाल सरकारने चौकशी आयोग अधिनियमाच्या कलम ३(४) नुसार कार्यवाहीच्या ज्ञापनासह सभागृहासमोर ठेवायचा असतो आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. तसा तो ठेवला गेला असेल तर तो लोकांचा दस्तऐवज झाला, आणि विधिमंडळाच्या कामकाजाच्या बऱ्याच अंशी खऱ्या वृत्तांताला, तो द्वेषबुद्धीने दिलेला नसेल तर, संविधानाच्या अनुच्छेद ३६१क चे संरक्षण आहे. मृत व्यक्तीची बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते, परंतु कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू तेथे असावा लागतो. अभ्यासासाठी छापलेल्या उताऱ्यात तो सिद्ध होणे कठीण आहे. आपण अभ्यासगटाला लेखी पत्र द्या आणि वडिलांना नोटीस मिळाली नसल्याची नोंद त्याच पानावर छापण्याची मागणी करा. जबाबदार संपादक ती नाकारणार नाही. आयोगाचा अहवाल हा न्यायनिवाडा नसून सरकारला केलेली शिफारस असते, हे रामकृष्ण दालमिया प्रकरणापासून, म्हणजे १९५८ पासून, स्पष्ट आहे, आणि तेही त्या टिपेत यावे.

सहा महिन्यांच्या मुदतीचा उल्लेख आला आहे म्हणून सांगतो. मुंबईच्या दंगलीवरील श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळासमोर आला. आदर्श सोसायटीच्या चौकशीचा अंतिम अहवाल एप्रिल २०१३ मध्ये सादर झाला, तो २० डिसेंबरला मांडला गेला. बाबरी मशीद पाडल्याच्या घटनेची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगाचा अहवाल ३० जून २००९ रोजी सरकारला मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये तो संसदेत मांडला जाण्याच्या आदल्या दिवशी त्यातील भाग वर्तमानपत्रात छापून आले. अहवाल जितका काळ कपाटात राहतो तितका काळ त्यात कोणाचे नाव आहे याविषयी कुजबुज चालू राहते, आणि ज्याचे नाव नाही त्यालाही तसे सांगता येत नाही. आयोगासमोर ज्यांना बाजू मांडायची संधी मिळाली त्यांच्या अब्रूला संपूर्ण अहवाल वेळेवर बाहेर येण्याने जेवढा धोका असतो, त्याहून अधिक तो अशा निवडक फुटलेल्या पानांनी असतो.

प्रश्न : माहिती अधिकारात मिळालेला चौकशी अहवाल आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला तर चालेल काय?

उत्तर : कागद कायदेशीर मार्गाने मिळाला म्हणून तो पसरवणाऱ्यावर बदनामीचा दावा होऊ शकत नाही, असे नाही. न्यायालयाच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला असलेला अपवाद खातेनिहाय चौकशीच्या कागदांना आपोआप लागू होत नाही. टाकायचाच असेल तर संपूर्ण अहवाल टाका, एखाद्या पानाचे छायाचित्र टाकू नका. तो प्राथमिक चौकशीचा असेल तर तसे स्पष्ट लिहा, पुढे कोणी दोषमुक्त झाले असल्यास तो आदेशही सोबत जोडा, आणि कार्यालयाने झाकायचे राहून गेलेले पत्ते व दूरध्वनी क्रमांक आपण स्वतः झाका.